गायरान कोणत्या गावच्या गुरांचे?

(जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



सकाळपासून चार जण कापसाच्या भावावर बोलून गेले. पाचवे आम्ही बोललो म्हणून क्विंटलमागे रुपया वाढणार नाही. तेव्हा आम्ही आज दुसरा विषय घेतो. तो तुमच्या पत्रिकेत नाही, पण तहसील कचेरीच्या फलकावर आहे.

तालुक्याच्या नगरपालिकेची हद्द वाढवण्याची उद्घोषणा निघाली आहे. इथे यायच्या आधी आम्ही ती फलकावर जाऊन वाचली. तिच्यावर कसल्याशा लिलावाचा कागद डकवलेला होता, तो उचलून वाचावी लागली. या मांडवात बसलेल्या पाच गावांची नावे तिच्यात आहेत. नावे वाचून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, शहर वाढते आहे, येणारच. पण नुसती नावे वाचू नका, खालचे सर्व्हे नंबर वाचा. पाचांपैकी दोन गावांचे गावठाण हद्दीत घेतलेलेच नाही. घेतले आहेत ते हमरस्त्याच्या कडेचे नंबर आणि त्यांना लागून असलेले ई-क्लासचे नंबर. म्हणजे माणसे गावातच राहणार, त्यांची नळपट्टी, त्यांच्या नाल्या, त्यांची शाळा नगरपालिकेच्या अंगावर पडणार नाही. फक्त माळ जाणार.

ई-क्लास म्हणजे काय हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगावे लागत नाही. मराठवाड्यातून आलेले पाहुणे त्याला गायरान म्हणतात, घाटाखाली गुरचरण म्हणतात. सातबाऱ्यावर नाव सरकारचे, पाय गावच्या ढोरांचे. गावाच्या माथ्यावरची बरड, मुरमाड जागा, जिथे वखर चालत नाही म्हणून कोणाच्या बापजाद्याने वहितीला घेतली नाही. पावसाळ्यात तिथे कुसळी गवत उगवते, चार बाभळी, दोन बोरी असतात. बाहेरच्याला ती पडीक दिसते. मंत्रालयातल्या नकाशावर तर ती रिकामीच दिसते.

आम्हालाही एके काळी ती तशीच दिसत होती. आम्ही कृषी विद्यापीठात पदवी घेतली तेव्हा एकरी क्विंटल मोजायला शिकलो. कडब्याच्या पेंढ्या मोजायला आम्हाला कोणी शिकवले नाही. संकरित ज्वारी आली, सीएसएच-१ हे वाण १९६४ चे, आणि ज्वारीची उंची कमी झाली. दाणा वाढला, कडबा घटला. पुढे ज्वारीच्या जागी सोयाबीन आले. सोयाबीनचे कुटार बैल नाइलाजाने खातो. पऱ्हाटी तर चुलीत जाते, ढोरांच्या कामाची नाही. म्हणजे गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या शेतातला चारा आपणच कमी केला, आणि तेवढा भार त्या माळावर टाकला. बैलजोडी, एखादी दुभती म्हैस, चार शेळ्या ज्या घरात आहेत, त्या घराचा आषाढ ते कार्तिक त्या माळावर निघतो. हे उत्पन्न कोणत्याही खर्चाच्या ताळेबंदात लिहिले जात नाही. कापसाचा उत्पादन खर्च काढताना बैलाची रोजी धरतात, पण तो बैल फुकट चरला म्हणून ती रोजी तेवढी कमी आहे, हे कोणी धरत नाही. माळ गेला की कळते.

आता आम्ही आमचीच एक गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही, नगरपालिकेचेही नाही. सांगितली नाही तरी निम्म्या लोकांना कळेल.

२०१७ चा हंगाम तुम्ही विसरला नसाल. गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली, उभ्या पऱ्हाटीत ढोरे सोडावी लागली. पुढच्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेला त्या गावाने आम्हाला बोलावले. सभा भरगच्च होती. आम्ही बोंडअळीवर बोललो, पंचनाम्यावर बोललो, नुकसानभरपाईचे अर्ज कसे भरायचे ते सांगितले, टाळ्या घेतल्या आणि दुसऱ्या गावची सभा होती म्हणून जीपमध्ये बसून निघालो. आमच्या मागे निम्मे लोक उठले. उरलेल्यांपुढे 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय' आले. त्यातला एक विषय एका ओळीचा होता: नगरपालिका हद्दवाढीस ग्रामपंचायतीची हरकत नाही. ठराव सर्वानुमते मंजूर. हजेरीच्या वहीवर सह्या होत्या त्या सगळ्या बोंडअळीसाठी आलेल्यांच्या. आमचीही सही त्या वहीत आहे.

दोन वर्षांनी त्या गावचा एक म्हातारा शेतकरी आम्हाला बाजारात भेटला. म्हणाला, "भाऊ, ई-क्लासले सिमेंटचे खांब लागले. ढोरं कुठी न्यायची आता?" आम्ही जाऊन पाहिले. साठेक एकराचा माळ. अर्ध्याला तारेचे कुंपण, आणि ओढ्याकडच्या कोपऱ्यात शहराचा कचरा. वाऱ्याने उडालेल्या पिशव्या खालच्या तुरीच्या धुऱ्यापर्यंत आल्या होत्या. त्या म्हाताऱ्याच्या शेजाऱ्याचा बैल पोट फुगून मेला होता. ढोरांच्या डॉक्टरने पोट चिरले तेव्हा आत प्लॅस्टिकचा गोळा निघाला. जोडीतला एक बैल गेला की उरलेल्याला बाजारात काय किंमत येते, ते तुम्हाला आम्ही काय सांगावे?

आम्ही नगरपालिकेत गेलो. साहेबांनी चहा पाजला. ते म्हणाले, "जमीन सरकारची, हद्द आमची. हरकत घ्यायची तर मुदतीत घ्यायची होती." गावात परत आलो तर गावकरीही तेच म्हणत होते. पारावर बसलेला एक जण म्हणाला, "सरकारची जमीन सरकारनं नेली, आपलं काय गेलं बा त्यात?"

या एका वाक्यासाठी आम्ही आज उभे आहोत. साहेब बोलले ते चूक होते असे आम्हाला नंतर कळले, आणि पारावरचा बोलला तेही चूक होते. आम्हाला कळायला उशीर झाला, तुम्हाला होऊ नये.

नीट ऐका. इथे कागद दोन आहेत. एक कागद हद्दीचा, दुसरा जमिनीचा. हद्दीचा कागद नगरविकास खात्याचा. त्याने कारभार कोण पाहणार ते बदलते: ग्रामपंचायत की नगरपालिका. जमिनीचा कागद महसूल खात्याचा. ती जमीन कशासाठी राखलेली आहे ते त्यात असते. पहिला कागद बदलला म्हणून दुसरा आपोआप बदलत नाही. पण आपण पहिला हरलो की दुसरा आहे हे विसरून घरी बसतो, आणि साहेब लोकांना तेच हवे असते.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ सालचा आहे. त्याच्या २२व्या कलमाने जिल्हाधिकारी बिनभोगवट्याची सरकारी जमीन कशाकशासाठी राखून ठेवू शकतो त्याची यादी दिली आहे. गावच्या गुरांची मोफत चराई, गवताचे आणि चाऱ्याचे राखीव रान, गावठाण, खळे, बाजार, स्मशान, मेलेले जनावर सोलण्याची जागासुद्धा. ज्याने ही यादी लिहिली त्याने गाव पाहिले होते, एवढे त्याच्या बाजूने म्हटले पाहिजे. आणि अशी राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. २३वे कलम म्हणते की गुरचरणावरचा चराईचा हक्क ज्या गावाची ती जमीन आहे, त्याच गावच्या गुरांना. बघा, कायद्याने शब्द वापरला आहे तो हक्क. मेहेरबानी नव्हे.

पुढे याच कायद्यात २२-अ हे कलम घालण्यात आले. गुरचरणाची जमीन दुसऱ्या कामाकडे वळवायची नाही, कोणाला द्यायची नाही, भाड्याने लावायची नाही, असे ते सांगते. अर्थात सरकारचा कायदा म्हटल्यावर पळवाट ठेवलेलीच आहे. सार्वजनिक कामासाठी दुसरी योग्य सरकारी जमीन मिळत नसेल तर वळवता येते. पण ती मिळत नाही हे कोणीतरी लिहून द्यावे लागते, त्याचा आदेश काढावा लागतो. त्या गावच्या माळाचा असा आदेश आम्ही माहितीच्या अधिकारात मागितला. उत्तर आले: 'सदर अभिलेख आढळून येत नाही.' म्हणजे कुंपण होते, कचरा होता, पण कागद नव्हता.

विदर्भातल्या भावांसाठी आणखी एक गोष्ट आहे, मराठवाड्याकडे ती नाही. आपल्याकडे निस्तारपत्रक आहे. याच कायद्याचे १६१वे कलम पाहा. गावातल्या सगळ्या बिनभोगवट्याच्या जमिनीची व्यवस्था कशी राहील ते जिल्हाधिकाऱ्याने या पत्रकात लिहून ठेवायचे असते: चराई, सरपण, मुरूम, माती. शेतीकामाच्या जनावरांना मोफत चराईची तरतूद त्यात करायची, असे कायदाच सांगतो. ग्रामपंचायतीने मागणी केली तर चौकशी करून त्यात दुरुस्तीही करता येते. इथे बसलेल्यांपैकी आपल्या गावाचे निस्तारपत्रक किती जणांनी पाहिले आहे? हात वर करा. तीन. या तिघांचा सत्कार करायला हवा, थट्टा करत नाही.

मग कोणी वकील म्हणेल, ग्रामपंचायत गेली म्हणजे गावच गेले, तर 'गावची गुरे' कुठून आणणार? त्यालाही उत्तर आहे. ग्रामपंचायत वेगळी आणि महसुली गाव वेगळे. ग्रामपंचायत बरखास्त झाली तरी तलाठ्याचे दप्तर राहते, सातबारा राहतो, महसुली गाव राहते. महसूल कायद्याच्या व्याख्येत तर गाव या शब्दात शहर आणि नगरही धरलेले आहे. आम्ही शेतकी पदवीधर आहोत, वकील नाही. पण मराठी वाचता येते, आणि आमच्या वाचनाप्रमाणे हद्द सरकल्याने चराईचा हक्क मरत नाही. तो आपण मागायचा सोडतो म्हणून मरतो.

आता दुसरी बाजू. हद्दवाढ हवी म्हणणारे याच मांडवात आहेत, आम्ही त्यांना ओळखतो. रस्त्याकडेला ज्यांची पाच-सात एकरे आहेत त्यांच्याकडे लेआउटवाले चकरा मारत आहेत. कापसाने ज्याला वीस वर्षे बुडवले, त्याला प्लॉटचा भाव दिसला तर त्याने काय करावे? त्याला गावद्रोही म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. त्याचा हिशेब त्याच्या धुऱ्यापुरता बरोबर आहे. पण तो हिशेब पुरता मांडावा एवढेच आमचे म्हणणे.

२०१३ चा भूसंपादन कायदा घ्या. जमीन ग्रामीण भागात असेल तर बाजारभावाला एक ते दोनपर्यंतचा गुणक लागतो. शहरी भागात गुणक एक. त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम दोन्हीकडे. समजा बाजारभाव एकरी १० लाख आहे आणि गुणक दोन धरला आहे. ग्रामीण भागात २० लाख आणि दिलासा २० लाख, म्हणजे ४० लाख. तेच शेत नगरपालिकेच्या हद्दीत गेले की १० आणि १०, म्हणजे २० लाख. कुठे किती गुणक हे राज्य सरकार ठरवते, प्रकल्पाप्रमाणे ते बदलते, म्हणून ४० मिळतीलच अशी हमी आम्ही देत नाही. पण हद्दीत गेल्यावर ४० मिळणार नाहीत, याची हमी कायदाच देतो. बायपास, वळणरस्ता, पाण्याची टाकी, जे काही पुढे येणार ते रस्त्याकडेच्याच शेतातून येणार.

आणि प्राप्तिकर. शेतजमीन विकली तर कर नाही, असे आपण धरून चालतो. दहा हजारांच्या वर वस्ती असलेल्या नगरपालिकेच्या हद्दीतली शेतजमीन या सवलतीत बसत नाही, तिच्या विक्रीच्या नफ्यावर कर लागतो. हद्दीच्या बाहेरही, शहराच्या वस्तीप्रमाणे दोन, सहा किंवा आठ किलोमीटरपर्यंत हीच गोष्ट, आणि हे अंतर मोजायचे ते सरळ आकाशातून, रस्त्याने नव्हे. म्हणजे हद्दीत न गेलेल्या पलीकडच्या गावांवरही तिची सावली पडते. ती गावे आज या सभेला आलीच नाहीत, कारण त्यांचे नाव फलकावर नाही.

शिवाय नगररचनेचा आराखडा. हद्दीत आलेल्या भागाला विकास आराखडा लागतो, आणि आराखड्यात एखाद्याच्या शेतावर बगीचा किंवा दवाखाना रंगवला गेला की त्याला आरक्षण म्हणतात. पैसा लगेच मिळत नाही. दहा वर्षे वाट पाहायची, मग नोटीस द्यायची, मग सुटले तर सुटले. तोवर ना प्लॉट पडतात ना कर्ज मिळते. फक्त कापूस पेरता येतो.

नगरपालिकेला ई-क्लास का हवा, ते यातून कळेल. खाजगी जमीन घ्यायची तर पैसा लागतो, आणि शेतकरी कोर्टात जातो. ई-क्लासला मोबदला मागणारा खातेदार नाही आणि कोर्टात जाणारा वारस नाही. कचरा, सांडपाणी, घरकुल, बसस्थानक, ज्या ज्या गोष्टीला शहरात जागा नाही ती तिथे. शहरांना वाढू नका असे आम्ही म्हणत नाही. आमचीच पोरे तिथे भाड्याने राहतात. पण वाढीचा खर्च शहराने आपल्या खिशातून करावा, आमच्या ढोरांच्या तोंडातून नव्हे.

आपल्या जवळचे उदाहरण अकोल्याचे. १ ऑक्टोबर २००१ रोजी तिथे महानगरपालिका झाली. २०१६ साली भोवतालची २४ गावे हद्दीत आली. मलकापूर, उमरी, खडकी, शिवणी, जी नावे आपण गाव म्हणून ओळखत होतो ती प्रभागात गेली. २०१७ च्या फेब्रुवारीत ८० नगरसेवकांसाठी निवडणूक झाली. चांगले की वाईट ते तिथल्या लोकांना विचारा, दोन्ही उत्तरे मिळतील. आमचा मुद्दा एवढाच की गावची ग्रामसभा, जिथे म्हातारीसुद्धा उठून सरपंचाला जाब विचारू शकते, ती एकदा गेली की परत येत नाही.

परत येत नाही म्हणालो, पण पुण्याकडे हद्द पुढे-मागे होण्याचा खेळ बराच चालला. १९९७ साली ३८ गावे पुणे महापालिकेत घेतली. लोक भांडले, २००१ मध्ये त्यातली काही पुरती आणि काही अर्धी बाहेर काढली. २०१७ मध्ये ११ गावे आत घेतली, २०२१ मध्ये आणखी २३. त्या ११ गावांत फुरसुंगी आणि उरुळी देवाची होती. पुण्याचा कचरा त्या शिवारात नव्वदच्या दशकापासून पडत होता. विहिरींचे पाणी नासले, लोकांनी गाड्या अडवल्या. म्हणजे हद्द पोहोचायच्या कितीतरी आधी कचरा पोहोचला होता! पुढे २०२४ मध्ये या दोन गावांना महापालिकेतून काढून त्यांची वेगळी नगर परिषद करण्यात आली. म्हणून हद्दवाढ थांबवली की माळ वाचला, असे समजू नका. हद्दीबाहेरच्या माळावरही शहराचा हात पोहोचतो. उलट कोल्हापूरकडे पाहा. १९७२ साली महापालिका झाली आणि पुढची कित्येक वर्षे भोवतालच्या गावांनी एकजुटीने हद्दवाढ रोखून धरली. शेवटी २०१७ मध्ये ४२ गावांसाठी वेगळे प्राधिकरण काढावे लागले. गावे एक राहिली तर सरकारला दुसरी वाट शोधावी लागते.

आता जे बोलतो ते काही जणांना आवडणार नाही. गायरान वाचवा म्हणताना आपले हात स्वच्छ आहेत का? ज्यांची शेते ई-क्लासला लागून आहेत, त्यांतल्या किती जणांनी दरवर्षी दोन-दोन तास धुरा पुढे सरकवला आहे? नांगर धरणाऱ्याला तास म्हणजे काय ते माहीत असते. दहा वर्षांत त्याचे एकर होते. मोजणी झाली की हे बाहेर येणार, आणि नगरपालिकेचा वकील हेच पुढे करणार. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी पंजाबातल्या एका गावतळ्याच्या प्रकरणात, जगपाल सिंग प्रकरणात, सगळ्या राज्यांना सांगितले की गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढून त्या गावाला परत द्या. त्यावरून आपल्या सरकारने १२ जुलै २०११ चा निर्णय काढला. तो निकाल आपल्या बाजूने आहे, पण आपल्या विरुद्धही आहे, ज्याने धुरा सरकवला त्याच्या विरुद्ध. म्हणून आमची विनंती आहे: मोजणीच्या आधी ज्याने त्याने आपला धुरा आपल्या पायाने मागे घ्यावा. ज्याला हे जमणार नाही त्याने निदान आंदोलनाच्या पहिल्या रांगेत बसू नये.

भूमिहीनांची गोष्ट मात्र वेगळी. माळावर ज्यांनी पोटापुरते दोन एकर वाहिले किंवा चार कुडाची घरे बांधली, ते आपलेच लोक आहेत. आपल्या शेतात वेचणीला येतात, निंदणाला येतात. १९७८ ते १९९० या काळातली वहितीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा आहे. कित्येकांची नावे त्यात बसत असूनही अजून कागद नाही. जगपाल सिंग निकालातही भूमिहीन मजुरांसाठी, अनुसूचित जाती-जमातींसाठी अपवाद ठेवला आहे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर सरकारी आकडे आले: राज्यात गायरान ४ लाख ५२ हजार हेक्टर, त्यातले १० हजार ८९ हेक्टर अतिक्रमणाखाली. म्हणजे शंभरात सव्वादोन. बाकीचे शंभरात पावणेअठ्ठ्याण्णव रिकामे आहे म्हणून सगळ्यांचा डोळा त्यावर, आणि बदनाम मात्र ती सव्वादोनवाली माणसे. हद्द सरकली की हीच घरे एका रात्रीत झोपडपट्टी होतात. त्यांना दूर ठेवून गायरान वाचवायला निघालो तर आपल्यासमोर त्यांनाच उभे केले जाईल. त्यांची नावे गाव नमुना १-इ मध्ये, म्हणजे अतिक्रमणाच्या नोंदवहीत, आहेत का ते पाहा. नसतील तर तलाठ्याकडे आपण त्यांच्याबरोबर जाऊ.

एक शेतीचीही गोष्ट राहिली. माथ्यावरचा माळ पाणी धरतो. तो सिमेंटने झाकला की पहिल्याच मोठ्या पावसाचे पाणी खालच्या काळ्या रानात उतरते. काळी जमीन ते पाणी लवकर सोडत नाही. तूर उबळते, पऱ्हाटी पिवळी पडते, आणि आपण म्हणतो बियाणे खराब निघाले. शिवाय गावच्या विहिरींना जे पाणी लागते ते वरच्या मुरमातून झिरपलेले असते. हे आम्हाला पुस्तकात शिकवले होते, पण त्या गावच्या खालच्या शेतात उभे राहिल्यावर समजले.

आता मुदत. १९६५ च्या नगर परिषद अधिनियमाप्रमाणे उद्घोषणेनंतर हरकतीसाठी निदान ३० दिवस द्यावे लागतात. हरकत कोणीही घेऊ शकतो, लेखी घ्यायची, कारणासह, जिल्हाधिकाऱ्याकडे. जिल्हाधिकाऱ्याने ती सरकारकडे पाठवायची असते. ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम ४ प्रमाणे गावाची हद्द बदलताना पंचायतीचा विचार घ्यावा लागतो. म्हणूनच ते एका ओळीचे ठराव हवे असतात. फलकावरच्या कागदाची तारीख आम्ही पाहिली, त्यातले ११ दिवस गेले आहेत.

पाचही गावांनी या आठवड्यात खास ग्रामसभा बोलवा. ऐनवेळच्या विषयात नको, नोटीशीवर पहिलाच विषय हा लिहा, आणि तो होईपर्यंत आमच्यासारख्या कोणाचे भाषण ठेवू नका. पंचायतीने आधी 'हरकत नाही' असे लिहून दिले असेल तर तेही वाचून दाखवायला सांगा. तलाठ्याकडून गाव नमुना १-ब ची नक्कल घ्या, तीच सरकारी जमिनींची नोंदवही. जिल्हा कचेरीतून निस्तारपत्रकाची नक्कल मागा. ढोरांची मोजदाद घरोघर जाऊन करा, शेळ्यासुद्धा, बायकांना विचारून करा, कारण शेळ्या किती हे घरच्या माणसाला नेहमी माहीत असतेच असे नाही. हरकत एकाच कागदावर दोनशे सह्यांची नको, ती एकच हरकत मोजली जाते. दोनशे कागद द्या, प्रत्येकाच्या हातचे, आणि प्रत्येकावर पोच घ्या. हद्दीच्या हरकतीतच जमिनीची हरकतही लिहा: आमच्या गावच्या गुरांचा कलम २३ चा हक्क कायम आहे, आणि कलम २२-अ प्रमाणे आदेश झाल्याशिवाय ई-क्लासला हात लावू नये.

रस्त्याकडेच्या भावांना आम्ही अडवत नाही. त्यांना हद्दवाढ हवी असेल तर त्यांनीही आपले म्हणणे लेखी द्यावे. पण त्यांनीही ई-क्लासबद्दलची शेवटची ओळ आपल्या कागदावर लिहावी, एवढे आम्ही त्यांच्याकडे मागतो. त्यांच्याही दारात बैल आहेत.

त्या जुन्या गावाचे विचाराल, तर कुंपण अजून आहे. पण आदेशाशिवाय घातलेल्या कुंपणाविरुद्ध त्या म्हाताऱ्याने आणि आणखी चाळीस जणांनी जिल्हाधिकाऱ्याकडे अर्ज केला आहे, आणि पुढच्या तारखेला आम्ही त्यांच्याबरोबर जाणार आहोत. आपल्या पाच गावांच्या हरकती येत्या सोमवारी सकाळी ११ वाजता एकत्र दाखल करायच्या. जिल्हा कचेरीच्या फाटकाजवळच्या लिंबाखाली जमायचे. येताना १-ब ची नक्कल आणा. ज्यांना मिळाली नाही त्यांनी तलाठी काय म्हणाला ते एका कागदावर लिहून, खाली तारीख घालून आणा.